बारा आठवड्यांचा चिमटा

माझ्या आईला कारखान्यात सगळे ‘शिलाई’ म्हणायचे. तिला शिवणकाम येत होतं असं मुळीच नाही. शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा ती माझ्या अंगावर फेकायची आणि म्हणायची, “लाव बाई, माझ्या बापजन्मात मला जमणार नाही.” नाव पडलं ते तिच्या टायपिंगच्या आवाजावरून. बाकीच्या बाया की-बोर्ड बडवायच्या. आईच्या टेबलावरून मात्र अखंड बारीक टरटर ऐकू यायची, शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवत असल्यासारखी.

कारखाना चष्म्याच्या काचांचा. शहरभरच्या दुकानांतून तिथे प्लॅस्टिकचे ट्रे यायचे. प्रत्येक ट्रेमध्ये एक रिकामी फ्रेम आणि डोळ्यांचे नंबर लिहिलेली एक चिठ्ठी. आईचं काम एवढंच, की चिठ्ठी वाचायची, नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकायचे आणि ट्रे पुढे ढकलायचा. पुढची यंत्रं त्या नंबराप्रमाणे काच घासायची. दूरचं दिसत नसेल तर नंबराआधी वजा, जवळचं दिसत नसेल तर अधिक. वजा टाकायचं राहिलं तर काच बरोबर उलटी बनते. ती काच दुकानातून परत येते आणि तिच्याबरोबर एक लाल चिठ्ठी येते. लाल चिठ्ठ्या कुणाच्या किती, ते जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलेलं असायचं.

सव्वीस वर्षांत आईच्या नावावर अकरा लाल चिठ्ठ्या होत्या. अकराच्या अकरा तिला तोंडपाठ होत्या. “त्यातल्या तीन दुकानदारांच्या घाणेरड्या अक्षरामुळे,” हे ती दरवेळी जोडायची. मी म्हणायचे, “आई, कोर्टात जाऊया का?” ती म्हणायची, “तू हस. तुझ्या गाडीला दोन ब्रेक असतात.” मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून परक्यांच्या चुका पायाखाली दाबते, त्यामुळे घरी आल्यावर माझी जीभ जरा सैल सुटते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आई टायपिंग शिकली ती बाबा गेल्यावर. ती चौतीस वर्षांची होती, दादा अकराचा, मी आठची. क्लासमध्ये दिवसातून एकच तास मशीन मिळायचं. उरलेला वेळ तिने बुटाच्या खोक्याच्या झाकणावर पेनाने सगळी बटणं काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुठ्ठ्यावर सराव केला. आम्ही गृहपाठ करायचो, ती समोर बसून पुठ्ठ्यावर बोटं नाचवायची, आवाज न करता. पुठ्ठा दाबावा लागत नाही, नुसतं बोट टेकवलं की झालं. खरं मशीन हाताखाली आलं तेव्हाही बोटं तशीच राहिली. बटणाला शिवून निघून जायची.

आईला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती. तिची आई, म्हणजे आमची आजी, शेवटची सहा वर्षं डोक्याने गेली. आईनेच तिचं सगळं केलं. शेवटी शेवटी आजी तिला विचारायची, “बाई, तुमचा पगार कोण देतं?” ती गेली त्या दिवशी आई रडली नाही. आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाली, “मला असलं काही झालं तर मला घरात ठेवायचं नाही. सांभाळणाऱ्या जागा असतात, तिथे टाका. मी रडले, पाया पडले, तरी टाका.” आम्ही हो म्हणालो. अशा वेळी माणूस हो म्हणून मोकळा होतो.

आता दादाबद्दल. त्याचा पगार मोठा, टाय महाग आणि बोलणं कमी, म्हणून मी त्याला साहेब म्हणते. तो एका मोठ्या कंपनीत आहे. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यात आधी जी जागी होते ती ऑपरेटिंग सिस्टीम ही कंपनी बनवते. बाकीची सगळी सॉफ्टवेअर तिच्या जिवावर जगतात. पडद्यावर अक्षर काढायचं असो की बटण दाबलं का ते बघायचं असो, ती आधी तिलाच विचारतात. हे विचारायचे ठरलेले रस्ते असतात. त्यातले काही रस्ते तीस-तीस वर्षांपूर्वी घाईत बांधलेले आणि मुळातच चुकीचे. ते बंद करायचं काम दादाच्या गटाकडे. ऑफिसात त्या गटाला ‘पाडकाम’ म्हणतात.

बंद करायचं म्हणजे एका दिवसात विटा लावून मोकळं होता येत नाही, कारण जुनी सॉफ्टवेअर अजून त्याच रस्त्याने जात असतात. ती कुणी लिहिली, लिहिणारा जिवंत आहे का, कुणाला पत्ता नसतो. म्हणून पाडकामवाल्यांनी एक पद्धत काढलेली. रस्ता बंद करण्याआधी बारा आठवडे ते त्याला चिमटा काढतात. म्हणजे सिस्टीमने उत्तर द्यायला मुद्दाम उशीर करायचा. थोडासाच. सॉफ्टवेअर जड चालायला लागतं, वापरणारे वैतागतात, ज्याने ते विकलं त्याचं डोकं खातात आणि तो झक मारत नव्या रस्त्याने जाणारं सॉफ्टवेअर बनवून देतो. या चिमट्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. सांगितलं तर लोक बारा आठवडे दात-ओठ खाऊन काढतात आणि तेराव्या आठवड्यात बोंब मारतात. शिवाय जो तो येऊन म्हणतो, एवढं आमचं सोडा.

हे ‘एवढं आमचं सोडा’ दादाला अजिबात खपायचं नाही. त्याच्याच गटातली एक बाई एकदा नवऱ्याच्या छापखान्यासाठी सवलत मागायला आली होती, तर याने सगळ्यांसमोर सांगितलं, “घरच्यांसाठी अपवाद नाही.” पुढे तो नियमच झाला. भिंतीवर लावला. नियम दादाने केला म्हणून आईने मला कामावर दोनदा फोन करून सांगितलं होतं. कौतुकाने.

त्या वर्षी पाडायला घेतलेला रस्ता की-बोर्डचा होता. जुनी सॉफ्टवेअर सिस्टीमला सारखं विचारत राहायची, “हे बटण आत्ता दाबलेलं आहे का? आत्ता? आत्ता?” रस्ता वाईटच होता, त्याबद्दल मी दादाशी भांडत नाही. त्या रस्त्याने कुठलंही सॉफ्टवेअर दुसऱ्याची बटणं चोरून ऐकू शकायचं, आणि चोर तसे पासवर्ड उचलतही होते. पाडायलाच हवा होता.

चिमटा काढण्याआधी त्यांनी तपासणी केली. त्यासाठी एक लोखंडी बोट बनवलं. ते प्रत्येक बटण सेकंदाच्या एक दशांश इतका वेळ दाबून धरायचं, कारण माणूस साधारण तेवढा वेळ दाबतो म्हणे. लोखंडी बोटाचं एकही अक्षर हरवलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. लोखंडी बोटापेक्षा हलकं आणि चपळ बोट जगात कुणाचं असेल, हे त्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यातल्या निम्म्यांना दोन बोटांनी टाइप करायची सवय, दादा धरून.

आईच्या कारखान्यातलं सॉफ्टवेअर एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं. ते याच रस्त्याने जायचं. उत्तर उशिरा यायला लागलं की दोन ‘आत्ता?’मधलं अंतर वाढतं, आणि तेवढ्यात बटण दाबून सुटलं तर ते दाबलंच नाही असं धरलं जातं.

पहिल्या आठवड्यात आईला चार लाल चिठ्ठ्या आल्या. घरी येऊन तिने भांडी जरा जोरात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात सात. सगळीकडे वजा गायब, कारण ते बटण करंगळीचं आणि करंगळीचा स्पर्श सगळ्यांत हलका. आई चिठ्ठीकडे बघून टाइप करायची, पडद्याकडे नाही. सव्वीस वर्षं पडद्याकडे बघायची गरजच पडली नव्हती. एका शाळामास्तरांचा वजा सहाचा चष्मा अधिक सहा होऊन गेला. त्यांनी तो दुकानात घालून बघितला आणि ते चक्कर येऊन काउंटरवर आपटले. दात पडला. दुकानदाराने तो दात कागदात बांधून लाल चिठ्ठीबरोबर पाठवला. सुपरवायझरने कागद आईच्या टेबलावर उघडला.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, तेच तर दुखणं. आईनेच त्याला काम शिकवलं होतं. तो म्हणाला, “काकू, मशीनमध्ये काही असेल म्हणून मी तुमची जागा बदलून बघतो.” जागा बदलली, तरी वजा गायबच. आईच्या जुन्या जागेवर दुसरी बाई बसली आणि तिचं एकही चुकलं नाही. तिने एवढंच म्हटलं, की आजकाल कॉम्प्युटर जरा जड वाटतो. ती बडवणाऱ्यांपैकी होती. तिचं प्रत्येक बटण खाली जाऊन दोन दिवस राहून वर यायचं.

यातून सुपरवायझरने काय निष्कर्ष काढायचा? त्याच्या जागी मी असते तर मीही तोच काढला असता. मशीन तेच, सॉफ्टवेअर तेच, चुकते फक्त एक साठीची बाई.

तिसऱ्या रविवारी दादा जेवायला आला. आईने ताट बाजूला सरकवलं आणि टेबलावर बोटं ठेवली. “हे बघ,” ती म्हणाली. “वजा करंगळीने दाबतात. मी दाबते. दाबल्याचं मला इथे कळतं. आणि वर बघते तर ते नसतं.” तिने करंगळी चारदा टेबलाला टेकवली. “मला वाटतं मी दाबलं, पण मी दाबलेलं नसतं. आईचं असंच सुरू झालं होतं, आठवतं? ती म्हणायची दार लावलं, आणि दार सताड उघडं.”

दादाचा घास हातात राहिला. त्याने विचारलं, “कोणतं सॉफ्टवेअर आहे तुमच्याकडे?”

“तेच. काळा पडदा, हिरवी अक्षरं.”

“कधीपासून होतंय हे?”

आईने तारीख सांगितली. लाल चिठ्ठ्यांच्या तारखा तिला पाठ असायच्याच. दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, आईची काळजी. मग तो म्हणाला, “थकवा असेल. विश्रांती घे जरा.”

माझ्या भावाने हे केलं. सगळं माहीत असताना केलं. त्याने मनात हिशेब मांडला होता, हे त्याने नंतर मला स्वतः सांगितलं. तीन आठवडे झालेत, नऊ राहिलेत, मग रस्ता बंद होईल, कारखान्यात नवं सॉफ्टवेअर येईल, आईची बोटं आपोआप बरी होतील. मधल्या नऊ आठवड्यांत काय होणार आहे? नियम मोडायला नको, आईला सांगून बाहेर फुटायला नको. भिंतीवरचा कागद खाली उतरवायला नको.

नऊ आठवड्यांत काय झालं ते मी सांगते.

चौथ्या आठवड्यात आईला टायपिंगवरून काढून ट्रे धुण्याच्या खोलीत पाठवलं. सुपरवायझर म्हणाला, “काकू, पगार तोच राहील, तुम्ही फक्त आराम करा.” फळ्यावरून तिचं नाव पुसलं. तिथे काम करणाऱ्या मुली तिला शिलाई म्हणायच्या बंद झाल्या आणि आजी म्हणायला लागल्या. त्यांनी ते प्रेमाने केलं. ट्रे धुऊन धुऊन आईच्या हातांची सालं निघाली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसून सराव करायची. त्याचा पंखा केव्हाच मेलेला, दहा मिनिटांत गरम होऊन तो बंद पडायचा. आईला वाटायचं, बंदही आपल्याच हातून झाला. तिने चुकू नये म्हणून एक एक बटण बघून, एका बोटाने, दाबून धरून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, सोडलं. एक, दोन, सोडलं. बाजूच्या खोलीतून मला ते ऐकू यायचं. मी एकदा ओरडले, “आई, बास कर ना! डोकं उठलं माझं!” ती लगेच बंद करून उठली. माफीही मागितली.

मीही काही कमी नव्हते. कपाटांवर चिठ्ठ्या मीच चिकटवल्या, साखर, मीठ, औषधं. गॅसचा नॉब मीच रोज दोनदा तपासायचे, तिच्या देखत. ती काही सांगायला लागली की मी तिचं वाक्य पूर्ण करून टाकायचे. आई भोळी नव्हती. माणसं आपल्याशी कशी वागताहेत यावरूनच आपण कोण आहोत हे कळतं, आणि तिला कळत गेलं. सातव्या आठवड्यापर्यंत ती दार लावून तीनदा परत येऊन बघायला लागली होती.

आठव्या आठवड्यात मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सरळ होत्या. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. माझी आई आयुष्यभर आकड्यांवर जगलेली. त्र्याण्णवला पोचली आणि ‘वजा’ या शब्दापाशीच थांबली. पुढे आलंच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सुरुवात असू शकते, नसूही शकते. सहा महिन्यांनी परत बघू.” मी फक्त ‘नसूही शकते’ ऐकलं, आईने फक्त ‘सुरुवात’ ऐकली. परतताना गाडीत ती म्हणाली, “चला, एकदाचं कळलं.”

दहाव्या आठवड्यात तिने राजीनामा दिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा निरोप म्हणून कारखान्याने तिला एक चष्मा दिला. तिला चष्मा लागत नव्हता. साध्या काचेचा करून दिला.

अकराव्या आठवड्यात दादा माझ्या शिकवणीच्या गाडीत येऊन बसला आणि त्याने मला सगळं सांगितलं. रस्ता, चिमटा, लोखंडी बोट, सगळं. आईचा राजीनामा त्याने धरला नव्हता, तेवढाच काय तो हिशेब चुकला होता. मी भर चौकात गाडी थांबवली. मागून हॉर्न वाजत होते. मी त्याला विचारलं, “त्या रविवारी तुझ्या तोंडात मी घातला होता का बोळा?”

“नियम मीच केला होता.”

“आईपेक्षा मोठा?”

तो म्हणाला, “मला वाटलं, नऊच आठवडे.” मी त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. तो रडला, आणि मला जरासुद्धा दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. सुपरवायझरने मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “मशीन सगळ्यांना सारखंच होतं ना, ताई? मग बाकीच्यांचं का नाही चुकलं?” मी म्हटलं, माझी आई सगळ्यांत चपळ होती म्हणूनच चुकलं. त्याने मान हलवली, लहान मूल काहीतरी सांगत असताना मोठी माणसं हलवतात तशी. “कंपनीकडून लिहून आणा,” तो म्हणाला. दादा लिहून देऊ शकत नव्हता. कंपनीच्या कागदावर साहेबांची सही होती, की ही गोष्ट बाहेर बोलणार नाही.

उरला एकच उपाय, आईला तरी पटवायचं. लोकांनी काय समजायचं ते समजू दे, तिला एकटीला कळलं तरी पुरे होतं. रविवारी दादा लॅपटॉप आणि एक वेगळा की-बोर्ड घेऊन आला. कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर त्याने कुठूनतरी मिळवून त्यावर टाकलं होतं. चिमटा चालू-बंद करता येईल अशी सोय केली होती. टेबल पुसून त्याने सगळं मांडलं आणि आईसमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काही लपवलं नाही. “चूक माझी आहे, आई,” तो म्हणाला. “तुझी बोटं ठीक होती. तुझं डोकं ठीक आहे.”

आई शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “खरं आहे सगळं. आता करून बघ. आधी चिमट्यासकट, मग चिमट्याशिवाय. फरक तुझा तुलाच दिसेल.”

मी वीस चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. सगळ्यांत वजा. आईने बाह्या सारल्या. पाठ ताठ झाली तेव्हा मी आनंदाने खुर्ची पुढे ओढली. मग तिने उजव्या हाताचं एक बोट पुढे काढलं, की-बोर्डवर वजा शोधलं, दाबलं, ओठ हलवून मोजलं, एक, दोन, आणि सोडलं.

वजा पडद्यावर आलं.

एक, दोन, सोडलं. एक, दोन, सोडलं. चिमट्यासकट वीसच्या वीस बरोबर आल्या. दादाने चिमटा बंद केला. पुन्हा वीसच्या वीस बरोबर. इतका वेळ धरलेलं बटण कुठल्याही चिमट्यातून निसटत नाही. दोन्ही वेळेला पडदा अगदी सारखा दिसत होता.

“बघितलं?” आई म्हणाली. “नीट केलं की नीट होतं. मशीनचं काही नव्हतं रे.”

“अशी नको ना!” मी ओरडले. “पूर्वीसारखी कर. भरभर. पडद्याकडे बघू नको.”

तिने प्रयत्न केला. खरंच केला. दहाही बोटं ठेवली, डोळे चिठ्ठीवर लावले आणि सुरुवात केली. पण सात आठवडे त्या बोटांना थांबायला शिकवलं होतं. ती एकमेकांत अडकली, भलत्याच बटणांवर गेली, मधेच थांबली. चिमट्यासकट सात चुकल्या, चिमट्याशिवाय नऊ. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः मोजले. बिनचिमट्याच्या कागदावर दोन जास्त.

दादाने की-बोर्ड स्वतःकडे ओढला. “हे बघ, तू कशी दाबायचीस ते मी दाखवतो,” असं म्हणून त्याने करंगळी वजावर नुसती टेकवली आणि उचलली. चिमटा चालू होता. दहातली सात वजा पडद्यावर आलीच नाहीत. “बघ! बघ, आई!” त्याने चिमटा बंद केला आणि पुन्हा दहा वेळा टेकवलं. त्याच्या करंगळीला कुठली सवय. तीन वेळा बटण खालीच गेलं नाही.

आईने त्याचं मनगट धरलं. “पुरे,” ती म्हणाली. “मुद्दाम अर्धवट दाबतोयस. मला टायपिंग शिकवतोस का?” आणि ती हसली. कितीतरी आठवड्यांनी हसली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “एवढं सगळं जुळवायला किती रविवार घालवलेस रे? काय काय रचलंस, लोखंडाचं बोट काय, चिमटा काय!”

“आई, शपथ.”

“शपथ नको घेऊस,” ती एकदम कडक आवाजात म्हणाली.

मग तिने त्याच्यासाठी अंडी उकडली. तो एकही न खाता गेला. लॅपटॉप काखेत, वायर लोंबकळत. पुढच्या शुक्रवारी तो रस्ता कायमचा बंद झाला. पाडकामच्या अहवालात लिहिलं होतं की बारा आठवड्यांत एकही गंभीर तक्रार आली नाही. मला तो अहवाल दादानेच दाखवला. खाली पहिली सही त्याची होती.

आईने सांभाळणाऱ्या जागेचा फॉर्म त्याच रविवारी, तो गेल्यावर, माझ्याकडून भरून घेतला. मी म्हटलं, सहा महिन्यांनी डॉक्टर बघणार आहेत, तोवर तरी थांब. ती म्हणाली, “शुद्धीवर आहे तोवर माझ्या हाताने सही करू दे. तुमच्यावर वेळ यायला नको.” नाव, वय, नोकरी. नोकरीच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाली, “ट्रे धुणे.” मी टायपिस्ट लिहायला लागले, तर तिने माझा हात बाजूला केला. मी रागाने पेन टाकून दिलं आणि बोलून गेले, “त्या तुझ्या लाडक्याचं तोंड मी आयुष्यात बघणार नाही.”

तिने खाली वाकून पेन उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

“त्याच्यावर कशाला चिडतेस?” ती म्हणाली. “लहानपणापासून कधी माझ्याशी खोटं बोलला नाही तो. आज पहिल्यांदा बोलला. तेसुद्धा माझ्यासाठी.”